नाव विसरा, पण देणं फेडा

१९४६ साली एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमधल्या डेट्रॉइट लायन्सच्या बिल रॅडोविचनं संघमालकांकडे एक साधी मागणी केली. वडील आजारी आहेत, मला लॉस एंजेलिसच्या संघाकडे जाऊ द्या. मालकांनी साफ नकार दिला.

रॅडोविच गार्ड होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये गार्डच्या हाती चेंडू येत नाही, गुण त्याच्या नावावर लागत नाहीत. समोरून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं, थोपवायचं आणि मागून धावणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्याचं काम. असा खेळाडू स्पर्धक लीगमधल्या लॉस एंजेलिस डॉन्स संघाकडे गेला, दोन मोसम खेळला. १९४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्लिपर्स या संघानं त्याला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून बोलावलं. हा संघ ज्या छोट्या लीगमध्ये होता, ती एनएफएलशी जोडलेली होती. एनएफएलनं क्लिपर्सना कळवलं की रॅडोविच काळ्या यादीत आहे, त्याला घ्याल तर शिक्षा होईल. नोकरी गेली. तिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाला त्याच्या धंद्यातून कायमचं बाहेर काढलं गेलं, आणि कारण काय, तर आजारी वडिलांजवळ जाता यावं म्हणून त्यानं संघ सोडला होता.

रॅडोविचनं खटला भरला. खालच्या न्यायालयांनी तो काढून टाकला, कारण बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ पासून सूट होती आणि तीच फुटबॉललाही लागू आहे असं धरलं जात होतं. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की फुटबॉल हा व्यवसाय आहे आणि त्याला हा कायदा लागू आहे. खेळाडूंनी त्यानंतर जे काही मिळवलं, त्याच्या मुळाशी हा निकाल आहे. रॅडोविच स्वतः तडजोडीची रक्कम घेऊन घरी गेला. एनएफएलमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही.

आज रॅडोविचचं नाव पिट्सबर्ग किंवा डॅलसमधल्या कट्टर चाहत्यालाही सांगता येणार नाही. पूर्वीच्या दशकांतल्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंबद्दल बोलताना आपण बहुतेकदा इथेच थांबतो: बिचाऱ्यांना कोणी ओळखत नाही. माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी मांडला जातो. शंभर वर्षांत हजारो माणसं हा खेळ पोटासाठी खेळली. कँटन गावातल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या मानकऱ्यांच्या यादीत, चारशेहूनही कमी आहेत. बाकीच्यांना लोक विसरणार, हे कोणत्याही खेळात घडतं, त्यात अन्याय नाही. अन्याय दुसरीकडे आहे. या खेळाडूंनी लढून जो जो हक्क मिळवला, त्या प्रत्येक हक्कावर लीगनं आणि कधी कधी त्यांच्याच संघटनेनं एक तारीख टाकली, आणि लढणारे नेमके त्या तारखेच्या अलीकडे राहिले. विहीर ज्यांनी खणली, त्यांनाच पाणी नाही. हे देणं फेडता येण्यासारखं आहे, पैसा आहे, आणि म्हणूनच ते न फेडणं मला अक्षम्य वाटतं.

पहिली तारीख १९५९ ची. खेळाडूंची संघटना १९५६ च्या अखेरीस उभी राहिली. मागण्या आज वाचल्या तर लाज वाटावी इतक्या साध्या होत्या: किमान पगार ठरवा, प्रवासभत्ता द्या, खेळताना हातपाय मोडला तर उरलेल्या मोसमाचा पगार कापू नका. रॅडोविचचा निकाल लागला तेव्हा लीगचे आयुक्त, म्हणजे प्रमुख, बर्ट बेल यांच्यावर अमेरिकन संसदेचाही दबाव आला आणि त्याच वर्षी त्यांनी संघटनेला मान्यता दिली. १९६२ मध्ये पेन्शन योजना सुरू झाली. पण ती मागे नेली फक्त १९५९ पर्यंत. ज्यांची कारकीर्द त्याआधी संपली, ते सगळे बाहेर. चामड्याच्या हेल्मेटांच्या काळात खेळलेले, दुसऱ्या महायुद्धावरून परत येऊन पुन्हा मैदानात उतरलेले, संघटनेची पहिली पत्रं लिहिणारे, या सगळ्यांना सांगितलं गेलं की तुमचा काळ मोजला जाणार नाही. त्यांच्या हातावर पहिल्यांदा काही पडलं ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर कितीतरी जण गेलेले होते.

‘मोजलेला मोसम’ ही या सगळ्या हिशेबातली मुख्य कल्पना. किती मोसम खेळलात त्यावर पेन्शन. दिसायला न्याय्य नियम आहे. पण केनी वॉशिंग्टनची कारकीर्द या नियमात बसवून पाहा.

वॉशिंग्टन १९३९ मध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या संघाचा कणा होता. त्याच संघात जॅकी रॉबिन्सन होता, जो पुढे बेसबॉलमधली वर्णभिंत फोडून अजरामर झाला. अनेक जाणकारांच्या मते फुटबॉलमध्ये वॉशिंग्टन त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी होता. तरी एनएफएलमधल्या एकाही संघानं त्याला घेतलं नाही, कारण १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांचं आपापसात ठरलेलं होतं. मग वॉशिंग्टननं ऐन उमेदीची वर्षं पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या लीगमध्ये हॉलिवूड बेअर्सकडून काढली. गुडघे तिथेच गेले.

१९४६ च्या सुरुवातीला रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला. त्यांना खेळायला कोलिझियम स्टेडियम हवं होतं, आणि ते सार्वजनिक पैशावर चालणारं होतं. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतले क्रीडा पत्रकार, विशेषतः हॅली हार्डिंग, स्टेडियमच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता: ज्या स्टेडियमसाठी आमच्याही करातून पैसा जातो, ते वर्णभेद पाळणाऱ्या संघाला भाड्यानं देता येणार नाही. २१ मार्च १९४६ रोजी रॅम्सनी वॉशिंग्टनशी करार केला. त्याच्याबरोबर वूडी स्ट्रोडही आला. तेव्हा वॉशिंग्टन २७ वर्षांचा होता आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. तरीही १९४७ मध्ये त्यानं प्रत्येक धावेमागे सरासरी ७.४ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच वर्षी एका धावेत ९२ यार्ड गेला. रॅम्सच्या इतिहासातली सगळ्यात लांब धाव म्हणून ती आजही नोंदलेली आहे.

१९४८ नंतर तो थांबला. नोंदवहीत मोसम तीन. १९७१ मध्ये तो गेला. समजा तो दीर्घायुषी झाला असता, तरी ज्या उंबरठ्यावर पेन्शन सुरू होत असे, तिथपर्यंत हे तीन मोसम पोचत नव्हते. आणि तीनच का? कारण त्याआधीचे सहा मोसम लीगनं त्याला खेळू दिले नाहीत. ज्यांनी दार बंद ठेवलं, त्यांनीच नंतर विचारायचं की तू किती दिवस आत होतास, याला हिशेब म्हणता येत नाही.

दुसरी मोठी तारीख १९९३ ची, आणि ही मला पहिलीपेक्षाही जास्त बोचते. एके काळी करार संपला तरी खेळाडू खऱ्या अर्थानं मोकळा होत नसे. नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची, किती ते आयुक्त ठरवणार. त्यामुळे कोणी बोलीच लावत नसे. बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच्या नावानं चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये अपील न्यायालयानं हा नियम बेकायदा ठरवला. वॉशिंग्टन शहराच्या संघाचा जिम स्मिथ तर १९६८ च्या आपल्या पहिल्याच मोसमात मानेला दुखापत होऊन संपला. एका मोसमाचा तो खेळाडू नवोदितांच्या सक्तीच्या वाटपाविरुद्ध न्यायालयात गेला आणि जिंकला. पण मालकांनी दरवेळी वाटाघाटीत नवं कुंपण घातलं. शेवटी सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीनं न्यूयॉर्क जेट्सच्या फ्रीमन मॅकनील आणि इतर सात खेळाडूंच्या खटल्यात मालकांच्या नियमांविरुद्ध कौल दिला आणि १९९३ मध्ये खेळाडूंना खरीखुरी मोकळीक मिळाली. आज दिसणारे कोटी-कोटी डॉलरचे करार तिथून सुरू होतात.

फ्रीमन मॅकनीलचा शेवटचा मोसम १९९२. ज्या मोकळिकीसाठी त्याचं नाव खटल्यावर लागलं, ती मिळाली तेव्हा तो निवृत्त झालेला होता. आणि पेन्शनच्या नियमांतही रेघ तिथेच ओढली गेली. १९९३ पासून खेळणाऱ्याला तीन मोसमांवर पेन्शनचा हक्क मिळाला. त्याआधीच्यांना चार लागत, आणखी जुन्यांना पाच. म्हणजे १९८० च्या दशकात तीन मोसम खेळून गुडघा गमावलेल्या माणसाला काहीच नाही आणि दहा वर्षांनी तेवढंच खेळलेल्याला आयुष्यभराची पेन्शन. ही विषमता दूर व्हायला २०२० साल उजाडलं. तेव्हा जुन्यांसाठी प्रत्येक मोसमामागे दरमहा ५५० डॉलर असा पाया ठरला. हे पाऊल चांगलंच होतं. पण आजच्या खेळाडूला पेन्शनशिवाय स्वतंत्र बचत योजना आहे, वार्षिकी आहे, निवृत्तीनंतर पाच वर्षं आरोग्य विमा आहे. जुन्याकडे जे आहे ते एवढंच.

हे असं का होतं, याचं उत्तर कोणाच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा कायद्यात शोधावं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पिट्सबर्गच्या एका काचकंपनीच्या प्रकरणात ठरवलं की निवृत्त कामगार हे कामगार कायद्याच्या अर्थानं कामगार नाहीत. त्यांच्या लाभांवर वाटाघाट करणं मालकाला बंधनकारक नाही. फुटबॉलमध्येही तेच. संघटना बोलते ती आज मैदानात असलेल्यांसाठी. जीन अपशॉ हे स्वतः ऑकलंड रेडर्सचे गार्ड, हॉल ऑफ फेममधले, आणि पंचवीस वर्षं संघटनेचे प्रमुख. निवृत्तांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी २००६ मध्ये सरळ सांगितलं की मी त्यांच्यासाठी काम करत नाही, ते मला नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. लोक भडकले, पण कायद्याच्या दृष्टीनं अपशॉ खरंच बोलत होते. मालक आणि संघटना यांच्यातला २०२० चा करार खेळाडूंच्या १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला. त्या करारात हजारो वृद्धांची पेन्शन ठरत होती, आणि त्या मतांमध्ये त्यांचं एकही मत नव्हतं.

मेंदूच्या दुखापतींचा विषय निघाला की चित्र आणखी काळवंडतं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माईक वेबस्टर चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. निवृत्तीनंतर त्याचं डोकं चालेना, संसार मोडला, कधी कधी तो आपल्या ट्रकमध्ये झोपत असे. खेळाडूंच्या अपंगत्वाचे लाभ ठरवणाऱ्या मंडळानं त्याला अपंग मानलं, पण कधीपासून, यावर अडून बसलं. खेळ सोडल्यापासूनच तो काम करण्यालायक नव्हता असं मंडळानं स्वतः निवडलेल्या डॉक्टरनंही सांगितलं होतं. मंडळानं नंतरची तारीख धरली आणि मोठी रक्कम वाचवली. इथेही तारीखच! वेबस्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच्या वारसांच्या बाजूनं अपील न्यायालयाचा निकाल आला डिसेंबर २००६ मध्ये. दरम्यान बेनेट ओमालू या डॉक्टरनं त्याच्या मेंदूत सततच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार दाखवून दिला होता, आणि लीगच्या वैद्यकीय समितीनं तो शोधनिबंधच मागे घ्या असा धोशा लावला होता. त्या समितीचे प्रमुख संधिवाताचे डॉक्टर होते. आघातांचे परिणाम दीर्घकाळ राहतात, असं लीगच्या प्रवक्त्याच्या तोंडून २००९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं.

वेबस्टर निदान नामांकित होता. मायकेल क्लाउड हे नाव कोणी ऐकलंय? धावपटूंच्या फळीतला खेळाडू, १९९९ ते २००६ मध्ये वेगवेगळ्या संघांत फिरलेला, अनेकदा डोक्याला मार बसलेला. त्याच्या खटल्यात २०२२ मध्ये डॅलसच्या न्यायाधीशांसमोर जे आलं, ते वाचून झोप उडावी. अर्जांवर निर्णय देणारे मंडळाचे सदस्य कागदपत्रं स्वतः नीट पाहतच नव्हते. निर्णयाची पत्रं वकिलांच्या कचेरीत तयार होत होती. हजारो अर्जदारांपैकी सर्वोच्च श्रेणीचा लाभ त्या वेळी मिळत होता फक्त ३० जणांना. न्यायाधीशांनी क्लाउडच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानं मंडळाच्या कारभारावर कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली, आणि तरीही तांत्रिक मुद्द्यावर क्लाउडला हरवलं.

मेंदूच्या दुखापतींवरून निवृत्तांनी लीगवर भरलेल्या खटल्यांत जो मोठा समझोता झाला, त्याचंही तेच. वीस हजारांहून जास्त निवृत्तांनी त्यात नावं नोंदवली. पण मृत्यूनंतर सीटीईचं निदान झालं, तर त्याची भरपाई मिळते ती २२ एप्रिल २०१५ च्या आधी गेलेल्यांच्या घरच्यांनाच. त्याच समझोत्यात स्मृतिभ्रंश मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असं गृहीत धरणारं सूत्र वापरलं जात होतं; म्हणजे त्यांचं नुकसान कागदावर कमी दिसे. स्टीलर्सचे केव्हिन हेन्री आणि नाजेह डॅव्हेनपोर्ट यांनी २०२० मध्ये हे न्यायालयात नेलं, तेव्हा कुठे २०२१ मध्ये ते थांबवण्याचं लीगनं कबूल केलं. वॉशिंग्टनला बाहेर ठेवणारी भिंत पंचाहत्तर वर्षांनी एका तक्त्यात सापडली.

या सगळ्यावर नेहमी तीन आक्षेप येतात. एक, त्यांना धोका माहीत होता आणि पैसेही भरपूर मिळाले. पहिल्या सुपर बोलमध्ये जिंकणाऱ्या खेळाडूला मिळाले १५ हजार डॉलर. त्या पिढीतले बहुतेक जण मोसम संपला की विमा विकत, मोटारी विकत, शाळेत शिकवत. आणि धोका लीगच्याच डॉक्टरांनी नाकारला होता, तो खेळाडूंना माहीत कसा असणार?

दुसरा आक्षेप असा की जुना करार संपला, आता नातं उरलं नाही. नातं उरलं नसेल तर जुन्या चित्रफिती, जुन्या धाटणीच्या जर्सी आणि व्हिडिओ गेममधले जुने संघ आजही का विकले जातात? हर्ब ॲडर्ली आणि इतर निवृत्त खेळाडूंनी संघटनेवर भरलेल्या खटल्यात २००८ मध्ये एक पत्र पुढे आलं. खेळाडू संघटनेच्या परवाना विभागानं गेम बनवणाऱ्या कंपनीला कळवलं होतं की ज्या जुन्यांशी करार नाही, त्यांची ओळख पटणार नाही असे बदल करा. नाव काढलं, क्रमांक बदलला, खेळ मात्र त्यांचाच ठेवला. संघटनेनं विश्वासघात केला असं म्हणत ज्युरीनं निवृत्तांना २.८१ कोटी डॉलर द्यायला सांगितले. पुढे तडजोड २.६२५ कोटींवर झाली. विस्मृती आपोआप येते असं आपण मानतो. इथे ती कंपनीला पत्र लिहून आणवली गेली.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जुन्यांना दिलेला पैसा आजच्या खेळाडूंच्या वाट्यातून जातो, आणि आजचा सर्वसामान्य खेळाडूही तीन-चार वर्षांत बाहेर फेकला जातो. २०११ मध्ये जुन्यांसाठी ६२ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला, तेव्हा मालक आणि खेळाडू यांनी तो जवळजवळ अर्धाअर्धा उचलला. तेविशीतल्या पोराला वृद्धाचं ओझं उचलायला लावणं मलाही पटत नाही. म्हणूनच हा भार मालकांवर हवा. २०२१ मध्ये झालेले दूरचित्रवाणीचे करार अकरा वर्षांसाठी १०० अब्ज डॉलरहून मोठे आहेत. खेळाडूंच्या वाट्याला साधारण ४८ टक्के जातात. उरलेल्या मालकांच्या हिश्श्यातून जुन्यांची पेन्शन भरली, तर एकाही संघाच्या दाराला कुलूप लागणार नाही.

हे जमतं, याचा पुरावाही लीगनंच दिलाय. त्या मॅकीला साठीच्या आतच स्मृतिभ्रंश जडला. त्याची पत्नी सिल्व्हिया पन्नाशी उलटल्यावर विमानात सेविका म्हणून नोकरीला लागली. पेन्शन तुटपुंजी होती आणि घरात आरोग्य विमा हवा होता. २००६ मध्ये तिनं आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांना पत्र लिहिलं, नवऱ्याला रोज डोळ्यांसमोर विरघळताना पाहणं काय असतं ते त्यात कळवळून मांडलं. त्यातून योजना उभी राहिली. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक ८८, म्हणून सुरुवातीला वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत शुश्रूषेचा खर्च. आजार खेळामुळेच झाला हे सिद्ध करा, असली अट त्यात नाही. डॉक्टरी निदान दाखवा, मदत घ्या. एका बाईच्या पत्रानं जे झालं, ते वकिलांच्या फौजांना इतकी वर्षं का जमू नये?

माझी मागणी स्पष्ट आहे. पेन्शनच्या नियमांतून १९९३ ची रेघ पूर्ण पुसून टाका. एका मोसमाला एकच दर, तो १९६५ चा असो वा २०२५ चा. वर्णभेदामुळे ज्यांना खेळू दिलं नाही, त्यांची हुकलेली वर्षं मोजा आणि हयात वारसांना द्या. अपंगत्व मंडळावर आज तिघे मालकांचे, तिघे संघटनेचे बसतात. त्यांत माजी खेळाडू असतात, पण ते संघटनेनं नेमलेले. शिकागो बेअर्सचा डेव्ह ड्यूरसन असाच त्या मंडळावर होता. मेंदूच्या तक्रारी आणि फुटबॉल यांच्या नात्याबद्दल तो जाहीरपणे साशंक होता. २०११ मध्ये आयुष्य संपवताना मागे चिठ्ठी ठेवून गेला की माझा मेंदू तपासा. तपासात सीटीई निघाला. अशा मंडळावर निवृत्तांनी स्वतः मतदानानं निवडलेले सदस्य हवेत, आणि प्रत्येक अर्जाचा कागद निर्णय देणाऱ्यानं स्वतः वाचल्याची सही हवी.

सध्याचा करार २०३० च्या मोसमापर्यंत आहे. १९८५ मध्ये बावीस वर्षांचा असलेला खेळाडू तेव्हा सदुसष्ट वर्षांचा असेल, आणि त्याच्या आधीच्या पिढीतले बरेचसे नसतीलच. लाभांमध्ये दोन्ही पक्षांच्या संमतीनं मधेच सुधारणा करता येते. त्यासाठी २०३० ची वाट पाहू नये. येत्या मोसमाआधी मालकांनी आणि संघटनेनं त्या टेबलावर बसावं, आणि पहिल्यांदाच एक खुर्ची निवृत्तांच्या माणसाला द्यावी, मताच्या अधिकारासह.